कोर्टाचा मित्र नेमका कुणाचा? महाबळेश्वरची झाडी, केईएमचा वॉर्ड आणि 'न्यायमित्र'

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. एसटीत नेटवर्क गेलं किंवा इअरफोन घरी राहिले तर वाचायला बरा. बोलताना काही गोष्टी पटकन निघून जातात, त्या इथे जरा सावकाश लिहिल्यात.

समजा, महाबळेश्वरात तुमच्या आजोबांच्या नावावर एक जागा आहे. सातबारा स्वच्छ, भाऊबंदकी नाही. जागेवर जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट झाडी. तुम्हाला तिथे छोटंसं हॉटेल काढायचंय. जागा तुमची, झाडं तुमची, मग अडचण काय?

अडचण अशी, की १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की 'जंगल' म्हणजे शब्दकोशात जंगलाचा जो अर्थ आहे तो. मालक कोण हे बघायचं नाही. सरकारी कागदावर जंगल म्हणून नोंद असेल तर ते जंगल, आणि नोंद नसली तरी जमिनीवर जंगल दिसत असेल तर तेही जंगल. तिथे दुसरं काही करायचं तर १९८० च्या वन संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारची आधी परवानगी घ्या. पुढे १७ जानेवारी २००१ ला महाबळेश्वर-पाचगणी हा पट्टा केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, म्हणजे कुलपावर आणखी एक कुलूप. पण पहिलं कुलूप १९९६ चं, आणि ते देशभर लागलं.

आता ही केस कुणाची? महाबळेश्वरच्या कुणाचीच नाही. तमिळनाडूतल्या निलगिरीत गुडलूर नावाचा भाग आहे. तिथल्या जंगलात तोड चालली होती. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड हे निलंबूरच्या जुन्या जमीनदार घराण्यातले गृहस्थ. ते जंगल पूर्वी त्यांच्या घराण्याकडे होतं, नंतर सरकारजमा झालं. झाडं पडताना बघवेना म्हणून १९९५ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एका तालुक्यातली तोड थांबवा, एवढीच मागणी. कोर्टाने ती केस उचलली आणि देशातल्या सगळ्या जंगलांची करून टाकली. ती आजही चालू आहे. तीस वर्षं! आमच्या ऑफिसात तीस महिने टिकलेला प्रोजेक्ट मी पाहिलेला नाही.

पण आजचा एपिसोड गोदावर्मन यांच्यावर नाही. एवढी मोठी केस कोर्ट चालवतं कसं? न्यायाधीश निवृत्त होतात, सरकारं बदलतात, मूळ याचिकाकर्ता मागे पडतो. तेव्हा कोर्टाने एक माणूस नेमला आणि सांगितलं की आम्हाला मदत करा. नागपूरचे हरीश साळवे. कुलभूषण जाधव यांच्यासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १ रुपया फी घेऊन उभे राहिले, तेच. या केसमध्ये ते कुणाचेच वकील नव्हते. ते होते 'ॲमिकस क्युरी', म्हणजे न्यायालयाचा मित्र. मराठीत आपण न्यायमित्र म्हणतो. त्यांच्या मदतीला उदय लळीत होते, जे २०२२ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. म्हणजे महाबळेश्वरच्या झाडीवर ज्या केसचं कुलूप आहे, त्या केसमध्ये ना वादी ना प्रतिवादी अशा खुर्चीत दोन मराठी वकील बसले होते.

ही खुर्ची मला फार दिवस खटकत होती. वकिलाला अशील असतो. अशील म्हणतो, माझं हे म्हणणं नाही, मागे घ्या. मग वकिलाला मागे घ्यावं लागतं. न्यायमित्राला कोण असं म्हणणार?

थोडा इतिहास बघू. तो लांबचा आहे, पण पुढच्या भागासाठी लागणार आहे.

इंग्लंडमध्ये १६८६ साली हॉर्टन विरुद्ध रूस्बी नावाची केस चालली होती. एका कायद्याचा अर्थ काय, यावर वाद. कोर्टात सर जॉर्ज ट्रेबी नावाचे खासदार हजर होते. ते उभे राहिले आणि म्हणाले की हा कायदा झाला तेव्हा मी तिथे होतो, संसदेचा हेतू अमुक होता. त्यांना केसशी काही देणंघेणं नव्हतं. न्यायमित्राचा मूळ अर्थ हा. कोर्ट चुकू नये म्हणून माहिती देणारा तटस्थ माणूस.

अमेरिकेत ही गोष्ट पटकन बदलली. १८२१ मध्ये ग्रीन विरुद्ध बिडल ही केस निकाली निघाली. केंटकी राज्यातल्या जमिनींचा वाद होता. कुणीतरी येऊन जमीन कसतो, घर बांधतो, आणि मग जुना मालक कागद घेऊन हजर होतो. अशा वेळी कसणाऱ्याला थोडं संरक्षण देणारे कायदे केंटकीने केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. गंमत म्हणजे, त्या कायद्यांच्या बाजूने कोर्टात कुणी उभंच नव्हतं. समोरच्या पक्षाने वकीलच दिला नव्हता. मग केंटकीचे पुढारी हेन्री क्ले न्यायमित्र म्हणून कोर्टात गेले आणि म्हणाले, ज्यांच्यावर याचा परिणाम होणार त्यांचं कुणी ऐकलंच नाही, पुन्हा सुनावणी घ्या. कोर्टाने घेतली. १८२३ मध्ये निकाल पुन्हा केंटकीच्या विरोधातच गेला, पण ऐकून घेऊन गेला.

क्ले तटस्थ होते का? अजिबात नाही. ते उघडपणे केंटकीच्या बाजूचे होते. पण त्यांनी जी गोष्ट कोर्टात आणली ती महत्त्वाची: गैरहजर माणूस. दोन पक्षांच्या भांडणात तिसऱ्याचं घर जातंय, आणि तो तिसरा खोलीत नाही. न्यायमित्र असण्याचं मला पटणारं कारण हेच.

पुढे अमेरिकेत याची मोठी व्यवस्था झाली. आज तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कुणीही, म्हणजे राज्य सरकार, कंपनी, चर्च, डॉक्टरांची संघटना, विद्यापीठातले प्राध्यापक, न बोलावता न्यायमित्र म्हणून लेखी निवेदन दाखल करतं. समलिंगी विवाहाच्या २०१५ च्या ओबर्गेफेल केसमध्ये अशी १४० हून जास्त निवेदनं आली होती. नियम कसले भारी आहेत बघा. मुखपृष्ठाचा रंगसुद्धा ठरलेला: याचिकाकर्त्याच्या बाजूने असाल तर फिकट हिरवा, विरोधात असाल तर गडद हिरवा. शब्दांची मर्यादा आहे. आणि पहिल्याच तळटीपेत सांगावं लागतं की हे निवेदन लिहायला मूळ पक्षांपैकी कुणी मदत केली का आणि पैसे कुणी दिले. म्हणजे तटस्थपणाचं नाटक तिथे कधीच संपलंय. मित्र आहेस ना, मग कुणाचा ते कव्हरवर लिही.

आपल्या फील्डच्या भाषेत सांगायचं तर अमेरिकेतला न्यायमित्र ओपन सोर्सला पुल रिक्वेस्ट टाकतो. कुणीही टाका, घ्यायची की नाही ते मालक ठरवेल. भारतात तसं नाही. इथे मेंटेनर स्वतः एकाला रिव्ह्यूअर म्हणून टॅग करतो. न्यायमित्र कोर्ट नेमतं. तुम्हाला स्वतःहून काही सांगायचं असेल तर वेगळा दरवाजा आहे, हस्तक्षेप अर्ज. 'या प्रकरणाचा माझ्यावर परिणाम होतो, मला ऐका' असा अर्ज. तो मंजूर करायचा की नाही ही कोर्टाची मर्जी. झाला तरी तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतील किंवा 'लेखी टिपण द्या' एवढंच उत्तर येईल.

दरवाजा अरुंद असला की लोक काय करतात, याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण १९७९ चं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आज गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिची संमती होती, असा तर्क. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्यांचं म्हणणं सरळ होतं की संमती आणि शरण जाणं यात फरक आहे. न्यायमित्राने निकालाआधी जे सांगायला हवं ते या चौघांनी निकाल लागल्यावर सांगितलं, कारण निकालाआधी त्यांना त्या खोलीत जागा नव्हती. मथुराला त्याचा काही उपयोग झाला नाही. पण त्या पत्रावरून देशभर मोर्चे निघाले, मुंबईत बायकांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्याच वर्षी, म्हणजे १९८३ लाच, कोर्टाचा दरवाजा दुसऱ्या बाजूने उघडत होता. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी कोर्टाला पत्र लिहिलं की मुंबईच्या कोठडीत बायकांना मारहाण होते. कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात पाठवलं, बायकांशी बोलून अहवाल द्यायला सांगितलं आणि त्यावरून पोलिसांसाठी नियम घालून दिले. जनहित याचिकेचे ते पहिले दिवस. पत्र टाका, कोर्ट ऐकेल.

पण याच शीला बर्सेंची दुसरी केस मला जास्त महत्त्वाची वाटते. तुरुंगात ठेवलेल्या मुलांसाठी त्यांनी याचिका केली होती. तारखांवर तारखा पडत होत्या. वैतागून त्यांनी १९८८ मध्ये सांगितलं की मला याचिका मागे घ्यायची आहे. कोर्ट म्हणालं, नाही घेता येणार. ही याचिका तुमची नाही, त्या मुलांची आहे. बर्सेंचं नाव काढलं आणि केस कायदेशीर मदत समितीकडे सोपवून कोर्टाने ती पुढे चालवली.

म्हटलं तर बरोबर आहे. याचिकाकर्ता थकला म्हणून मुलांनी तुरुंगात का राहायचं? पण यातून एक गोष्ट पक्की झाली. ज्याने केस आणली तो माणूस काढून टाकला तरी केस चालते. आणि तो गेला की त्याच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं हे कोर्ट ठरवणार. गोदावर्मन केसमध्ये न्यायमित्र एवढा मोठा का झाला, याचं मूळ मला इथे दिसतं.

तर परत जंगलाकडे येऊ.

गोदावर्मन केसमधला न्यायमित्र फक्त सल्ला देत नव्हता. तो स्वतः अर्ज करत होता. त्यातला एक अर्ज, क्रमांक ७०३, साल २००१. विषय: जंगलावरची अतिक्रमणं. २३ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने त्यावर आदेश दिला की सरकारने जंगलातली अतिक्रमणं यापुढे नियमित करू नयेत.

वरवर वाचलं तर वाटतं, बरोबरच आहे की. बिल्डर, लाकूडमाफिया, फार्महाऊसवाले, यांना चाप. पण 'अतिक्रमण' या एका शब्दाखाली फार वेगवेगळी माणसं येतात. इंग्रजांनी आणि नंतर आपल्या सरकारने जमिनीला राखीव वन म्हणून शिक्का मारला, त्याच्या आधीपासून तिथे नाचणी-वरी पिकवणारी माणसं होती. त्यांच्याकडे कागद नव्हता. कागद द्यायचं काम सरकारचं होतं आणि सरकारने ते केलं नव्हतं. केंद्राने सप्टेंबर १९९० मध्येच राज्यांना परिपत्रकं पाठवली होती की १९८० आधीचे असे दावे तपासा, जे खरे असतील ते मान्य करा. बहुतेक ठिकाणी ती धूळ खात पडली. आता कोर्टाने नियमित करणंच थांबवलं.

आणि मग ३ मे २००२ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं. कोर्टाच्या या केसचा हवाला देऊन सांगितलं की जी अतिक्रमणं नियमित होण्यास पात्र नाहीत ती ३० सप्टेंबरपर्यंत काढा. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी: हाकलून द्या असं कोर्ट म्हणालं नव्हतं, न्यायमित्रही म्हणाला नव्हता. ते पत्र मंत्रालयाचं. पण पाच महिन्यांत कोण १९८० आधीचा आणि कोण नंतरचा हे कोण तपासणार? काही ठिकाणी तर झोपड्या पाडायला हत्ती आणले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार मे २००२ ते मार्च २००४ या काळात सुमारे दीड लाख हेक्टर जमिनीवरून लोकांना हटवलं गेलं.

आता क्ले आठवा. त्या नोव्हेंबरच्या दिवशी कोर्टात कोण होतं? केंद्र सरकार, राज्य सरकारं, वनखात्याचे वकील, न्यायमित्र. ज्याची नाचणी उपटली जाणार होती तो नव्हता. त्याच्या वतीने बोलणारंही कुणी नव्हतं. न्यायमित्राची खुर्ची भरलेली होती, म्हणून कदाचित कुणाला ती दुसरी खुर्ची रिकामी आहे हे दिसलंही नसेल.

साळवे वाईट हेतूने वागले असं मला म्हणायचं नाही. त्या केसमुळे वाचलेलं जंगल खरं आहे. महाबळेश्वरला वेण्णा लेकवरून वर बघितल्यावर जी हिरवी गच्च झाडी दिसते, तिच्यावर त्या आदेशाची सावली आहेच. दोन्ही गोष्टी एकाच केसच्या आहेत. वकील हुशार होता, प्रामाणिक होता, मेहनती होता असं धरूनही प्रश्न राहतोच: त्याला थांबवणारा अशील नव्हता.

त्या हकालपट्टीने आदिवासी संघटना देशभर एकत्र आल्या. महाराष्ट्रात ठाणे, धुळे, नंदुरबार, गडचिरोलीत या प्रश्नावर आधीपासून काम करणारे गट होतेच. त्यातून २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या प्रास्ताविकेत संसदेने कबूल केलं की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. २००९ मध्ये गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे देवाजी तोफांचं गाव सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक ठरलं, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. म्हणजे कोर्टात खुर्ची मिळाली नाही म्हणून लोकांनी संसदेतून खुर्ची आणली. तिला सात वर्षं लागली, आणि मधल्या काळात गेलेली घरं कुणी परत बांधून दिली नाहीत.

१३ फेब्रुवारी २०१९ ला तेच पुन्हा होता होता राहिलं. वनहक्क कायद्यालाच आव्हान देणाऱ्या केसमध्ये कोर्टाने म्हटलं, ज्यांचे दावे फेटाळले गेलेत त्यांना हटवा. दहा लाखांहून जास्त दाव्यांचा प्रश्न. पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, कोर्टाने स्वतःच्या आदेशाला स्थगिती दिली. यावेळी बाहेर मोठा गलका झाला होता आणि केंद्र सरकारही धावत कोर्टात आलं. त्यानंतर आदिवासी संघटनांचे आणि अभ्यासकांचे हस्तक्षेप अर्ज त्या केसमध्ये दाखल झाले. २००१ मध्ये जी जागा रिकामी होती, तिथे यावेळी निदान माणसं बसली.

आता जंगलातून एकदम मुंबईला, परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये. कारण गैरहजर माणूस म्हणजे काय, हे अरुणा शानबाग यांच्या केसइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

अरुणा मूळच्या उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या, केईएममध्ये परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलमध्येच त्यांच्यावर हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली. त्यानंतर त्या ४ नंबरच्या वॉर्डला लागून असलेल्या खोलीत पडून राहिल्या. एक-दोन वर्षं नाही, ४१ वर्षं. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. त्यांनी अरुणांना इतकं सांभाळलं की अंगावर एक जखम पडू दिली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घरात कुणी घेतली असेल त्याला याचा अर्थ कळेल.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांवर पुस्तक लिहिलं होतं. २००९ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि म्हणाल्या, हिला जबरदस्तीने भरवणं थांबवा, हिला शांतपणे जाऊ द्या. त्या गेल्या कुणाच्या नात्याने? 'वादमित्र' म्हणून. जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोर्टात उभा राहणारा तो वादमित्र. आणि कोर्टाने आपल्या मदतीला न्यायमित्र नेमले टी. आर. अंध्यारुजिना. महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता, तरुणपणी केशवानंद भारती केसमध्ये एच. एम. सीरवाईंना मदत केलेले वकील. तिसरीकडे केईएमचे डॉक्टर आणि परिचारिका. त्या म्हणत होत्या, ही आमची आहे, आम्ही हिला मरू देणार नाही.

म्हणजे एका बेशुद्ध बाईचे तीन मित्र कोर्टात, आणि तिन्ही मित्रांची तोंडं तीन दिशांना.

कोर्टाने मुंबईचे तीन डॉक्टर पाठवून अरुणांना तपासून घेतलं. ७ मार्च २०११ ला निकाल दिला. विराणींना वादमित्र मानायला कोर्टाने नकार दिला. म्हणालं, पुस्तक लिहिणं, काही वेळा भेटणं वेगळं, आणि रोज अंग पुसणं, घास भरवणं वेगळं. खरा मित्र केईएमचा स्टाफ. त्यांची इच्छा ती जगावी अशी आहे, म्हणून ती जगेल. एखाद्याच्या वतीने बोलण्याचा हक्क कशातून येतो, याचं हे उत्तर मला आजवर ऐकलेल्यांपैकी सगळ्यात सरळ वाटलं. विराणींचा हेतू चांगला होता हेही कोर्टाने म्हटलं, आणि त्यांच्या याचिकेमुळेच उपचार थांबवण्याचा प्रश्न देशात पहिल्यांदा नीट हाताळला गेला.

आणि अंध्यारुजिना? त्यांचं म्हणणं होतं की उपचार थांबवायचे की नाही हे रुग्णाचं हित बघून डॉक्टरांनी ठरवावं. कोर्टाने स्वतःचं मत बनवून परवानगी देत बसायचं कारण नाही. कोर्टाने त्यांचे आभार मानले आणि नेमकं उलट केलं. यापुढे अशा प्रत्येक प्रकरणात आधी उच्च न्यायालयाची परवानगी लागेल, तीन डॉक्टरांची समिती बसेल. भीती अशी की इस्टेटीसाठी नातेवाईक याचा गैरफायदा घेतील. तीही काही खोटी भीती नाही. पण आयसीयूच्या बाहेर बसलेल्या कुटुंबाने उच्च न्यायालयात कधी जायचं? २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने ही पद्धत बदलली, जानेवारी २०२३ मध्ये ती आणखी सोपी केली. आता निर्णय मुख्यतः हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या दोन मंडळांकडे असतो. अंध्यारुजिनांनी जे सांगितलं होतं, त्याच्या बरंच जवळ. ते २०१७ मध्येच गेले होते. अरुणा त्याआधी, १८ मे २०१५ ला.

न्यायमित्राचं म्हणणं कोर्टावर बंधनकारक नसतं हे इथे दिसतं. शबरीमला केसमध्ये तर कोर्टाने दोन न्यायमित्र घेतले, राजू रामचंद्रन आणि के. राममूर्ती. एक म्हणाला बायकांना आत सोडा, दुसरा म्हणाला सोडू नका. मला हा प्रकार आवडतो. एकच मित्र असला की त्याचं मत नकळत 'तटस्थ' ठरतं. दोन असले की निदान कळतं, मत आहे.

आणखी एक मार्ग आपल्याच केसमध्ये दिसला. मराठा आरक्षणाची केस सर्वोच्च न्यायालयात पोचली तेव्हा ५० टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्न फक्त महाराष्ट्राचा राहणार नव्हता. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने सगळ्या राज्यांना नोटिसा काढल्या: तुमचंही म्हणणं सांगा. ५ मे २०२१ चा निकाल कुणाला पटला, कुणाला नाही, तो वेगळा एपिसोड होईल आणि त्याच्या कॉमेंट्स मला वाचवणार नाहीत. पण ज्याच्यावर परिणाम होणार त्याला आधी बोलवायचं, हे कोर्ट ठरवलं तर करू शकतं.

गोदावर्मन केस अजून जिवंत आहे आणि आपल्या दारात आहे. पुण्यात कोंढवा बुद्रुकला ११.८९ हेक्टर राखीव वनजमीन १९९८ मध्ये शेतीच्या नावाखाली वाटली गेली आणि पुढे गृहप्रकल्पासाठी बिल्डरकडे गेली. पुण्यातल्या नागरिकांच्या गटाने ते प्रकरण लावून धरलं. १५ मे २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ती जमीन वनखात्याला परत करायला सांगितली. गवई अमरावतीचे, आणि सरन्यायाधीश झाल्यावर दुसऱ्याच दिवशीचा हा निकाल. प्रकरणाच्या शीर्षकात अजून गोदावर्मन यांचंच नाव होतं. न्यायमित्र आता के. परमेश्वर आहेत. त्याच निकालात कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की खाजगी लोकांकडे गेलेली वनजमीन शोधायला विशेष पथकं नेमा. पुन्हा देशभरचा आदेश. शोधमोहीम बिल्डरपर्यंत थांबते की २००२ सारखी खाली उतरते, हे बघायला लागेल.

आणि महाबळेश्वर? 'नवीन महाबळेश्वर' म्हणून जो प्रकल्प आखला जातोय त्यात सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली दोनशेहून जास्त गावं आहेत. शेजारी कोयना अभयारण्य, पलीकडे कास. हे प्रकरण कधी कोर्टात उभं राहिलं तर एका बाजूला सरकार असेल, दुसऱ्या बाजूला पुण्या-मुंबईची पर्यावरण संस्था असेल, मधे एक न्यायमित्र असेल. कांदाटी खोऱ्यातल्या ज्या माणसाची पोरं हॉटेलात कामाला मुंबईला जातात, ज्याला रस्ता हवाय पण जमीन विकायची नाहीये, त्याचं म्हणणं या तिघांपैकी कुणाच्याही कागदात आपोआप येणार नाही. त्याने हस्तक्षेप अर्ज करावा लागेल. ग्रामसभेचा ठराव, सातबारा, आपल्यावर परिणाम काय होतो याचं साध्या भाषेतलं प्रतिज्ञापत्र आणि वकील, एवढं लागतं. निकालाच्या आधी लागतं, नंतर नाही.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. आजवर साताऱ्याच्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे मुंबई. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. सकाळची एसटी पकडली तर तारखेला वेळेत पोचता येतं.

पुढच्या एपिसोडमध्ये शीला बर्सेंच्या त्या १९८८ च्या केसवर सविस्तर बोलू. कुणाकडे त्या काळातल्या वर्तमानपत्रांची कात्रणं असतील तर कळवा.